भिंतीकडची गाडी

योर्दिसच्या कोठाराला एकच दार होतं. त्यामुळे जी गाडी आधी आत जाईल ती शेवटी बाहेर येणार, हे कळायला फार डोकं लागत नाही. तरी दर ऑक्टोबरात, गाड्या लावायच्या शनिवारी, त्यावरून तेच नाटक व्हायचं. "तू तुझी कधी नेणार?" असं योर्दिस एकेकाला विचारायची आणि तो आढ्याकडे बघत बसायचा. खरं तर प्रत्येकाला दाराजवळची जागा हवी असायची. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं, गाड्यांचा पत्रा गंजवणारं मीठ एप्रिलात पावसानं धुऊन काढलं की सगळ्यांच्या आधी आपली गाडी काढावी आणि गावातून मिरवत न्यावी, ही हौस कुणाला नाही? पण तसं तोंडानं बोलून दाखवेल तो आमच्या भागातला माणूस कसला! "मला काही घाई नाही," "माझं कसंही चालेल," "ज्याला गरज आहे त्याला द्या" असं म्हणत म्हणत सगळे दाराशीच घुटमळत राहायचे. शेवटी योर्दिस वैतागून स्वतःच ठरवून टाकायची, आणि मग कॉफी व्हायची.

गाई विकल्यावर हे गवताचं कोठार रिकामं पडलं होतं. योर्दिसच्या नवऱ्याला, हेल्गेला, कल्पना सुचली की हौशी लोकांच्या जुन्या गाड्या हिवाळ्यापुरत्या इथे ठेवून घ्याव्यात. कोठार कोरडं, वर पत्रा घट्ट, उंदीर बेताचे. स्वीडनमधल्या व्हेटर्न सरोवराच्या या बाजूला असं दुसरं कोठार नव्हतं. हेल्गे गेल्यावरही योर्दिसनं ते चालू ठेवलं. मध्ये लाकडी खांब असल्यामुळे गाड्या तिरक्या आणि दाटीवाटीनं लावाव्या लागत. सतरा-अठरा गाड्या एकदा आत गेल्या की त्यांच्यामधून माणूस आडवा होऊनच सरकणार, आणि आतली एक काढायची तर जवळजवळ सगळं कोठार बाहेर काढायचं. किल्ल्या ज्याच्या त्याच्या घरी. दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण लिहिलेले नियमसुद्धा कुणी इतके पाळत नाही.

आणि अगदी आत, भिंतीकडे तोंड करून, ती एक उभी होती.

गोल पाठीची, राखाडी-हिरव्या रंगाची व्होल्वो. जुन्या लोकांच्या तोंडी तिचं नाव नुसतं पीव्ही. आठ-नऊ वर्षांपूर्वी एव्हर्ट नावाच्या एका उंच, किडकिडीत गृहस्थांनी ती आणली. चालवत होता त्यांचा शेजारी, ते स्वतः बाजूच्या सीटवर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. "कधी नेणार?" हेल्गेनं विचारलं. "सगळ्यांच्या शेवटी," एव्हर्ट म्हणाले. "माझ्यामुळे कुणाची अडचण नको." हेल्गेनं त्यांचा शब्द घेतला आणि गाडी भिंतीला लावली.

वसंत आला, सगळ्यांनी आपापल्या गाड्या नेल्या. पीव्ही राहिली. उन्हाळाभर त्या भल्यामोठ्या रिकाम्या कोठारात ती एकटीच. वर पाकोळ्यांनी घरटं केलं, म्हणून योर्दिसनं तिच्यावर एक जुनी चादर टाकली. ऑक्टोबरात बाकीच्या पुन्हा आल्या आणि ती पुन्हा मागे अडकली. असं वर्षामागून वर्ष. भाड्याची कधी तक्रार नव्हती, त्यामुळे फोन करायला कारणही नव्हतं. मात्र दर वसंतात, गाड्या बाहेर पडायच्या दिवशी, रस्त्याच्या वळणावर एक सायकल येऊन थांबायची. एव्हर्ट एक पाय जमिनीला टेकवून उभे असायचे. योर्दिस हात हलवायची. तेही हलवायचे. मग ते सायकल वळवून निघून जायचे. त्यांना आत बोलवावं असं तिला दरवेळी वाटायचं. पण बोलावलं तर 'तुमची गाडी न्या आता' असं सुचवल्यासारखं होईल, बिचाऱ्यांना वाईट वाटेल, म्हणून ती गप्प बसायची. मोठ्या समजूतदारपणानं गप्प बसायची, आणि त्याचं तिला मनातून थोडं कौतुकही होतं.

या फेब्रुवारीत ती उंदराचे सापळे बघायला आत गेली आणि तिला दिसलं की पीव्हीचं मागचं डावं चाक साफ बसलंय. हवा गेली होती आणि गाडी एका अंगावर कलली होती. शेजारी उभ्या असलेल्या, गुनवोर नावाच्या बाईच्या लाल साब गाडीच्या आरशात आणि तिच्यात बोटभर जागा उरली होती. आता कळवणं भागच होतं.

कळवायला योर्दिसला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी दुपार झाली, माणसं जेवत असतील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली, बातम्या बघत असतील. तिसरा दिवस रविवार, रविवारी फोन करून माणसाला कोण छळतं? सोमवारी तिनं ओव्हनमध्ये पाव टाकला, म्हणजे बोलणं लांबलं तर 'पाव करपेल' म्हणून ठेवून देता येईल, आणि मग नंबर फिरवला.

घंटा पुरती वाजायच्या आत फोन उचलला गेला.

"तुम्ही फोन केलात," एव्हर्ट म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही.

"हो, माफ करा हं, अवेळी…"

"छे, छे, माफी आम्हीच मागायची. इतकी वर्षं तुमची जागा अडवून ठेवलीय."

"जागेचं काही नाही हो. चाकाचं सांगायचं होतं. हवा गेलीय. मीच आधी बघायला हवं होतं, माफ करा."

"तुमचा काय दोष? माफ करा, तुम्हाला त्रास झाला."

असं थोडा वेळ दोघांनी एकमेकांची माफी मागून घेतली. "खरं म्हणजे मीच तुम्हाला फोन करणार होतो," एव्हर्ट म्हणाले. "पंधरा दिवस झाले, फोनजवळच बसून आहे. पण… नाही, राहू द्या. काही नाही."

एरवी योर्दिसनं ते राहू दिलं असतं. 'राहू द्या' म्हटल्यावर राहू द्यायचं, हीच तर आमची रीत. पण पलीकडे तो माणूस श्वास घेत होता आणि फोन ठेवत नव्हता.

"मी येते तुमच्याकडे," योर्दिस म्हणाली. "उद्या. येताना सायीचे बन आणते." फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच कमाल वाटली. पावाची तळची बाजू काळी झाली होती.

एव्हर्ट राहत होते मोटाला शहरात, एका साध्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. दार उघडल्या उघडल्या त्यांनी योर्दिसचा कोट घेतला आणि आतून एक खणखणीत आवाज आला.

"आली का ती? माझी गाडी जिच्याकडे आहे ती?"

खिडकीशी चाकाच्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती. अंगानं वाळलेली, डावा हात मांडीवर निर्जीव पडलेला, पण डोळे असे की योर्दिसनं नकळत पाठ ताठ केली. ही एव्हर्टची बायको, मायकेन.

"तुमची गाडी?" योर्दिस म्हणाली. "मला वाटलं, यांची."

"याची?" मायकेन हसली. "अगं, याला गाडी येते कुठे? लायसन्सच नाही त्याच्याकडे. तेहेतीस वर्षं मी ड्रायव्हिंगच्या शाळेत शिकवलं. अर्ध्या मोटालाला मी रस्त्यावर आणलं. घरचा हा एक तेवढा राहिला."

"एक धडा झाला होता," एव्हर्ट हळूच म्हणाले.

"एक झाला. मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं की गाडी शिकवायची की संसार टिकवायचा. संसार टिकवला. हा चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि मी याला प्रत्येक चर्चला घेऊन जायची. माझ्या पीव्हीतून. उभा काय राहिलास, एव्हर्ट? कॉफी टाक."

एव्हर्ट स्वयंपाकघरात गेले. मायकेननं योर्दिसला जवळ बस म्हणून खूण केली आणि आवाज उतरवला.

"ऐक. नऊ वर्षांपूर्वी ही डावी बाजू गेली, तेव्हा गाडी सुटली. आता हृदयही थकलंय. डॉक्टरीणबाई फार गोड बोलते, पण मला समजतं. एप्रिल काही मला दिसायचा नाही. रडू नकोस, बन खा."

योर्दिस रडत नव्हती. पण आता डोळ्यांत पाणी आलं.

"मला एकदा तिच्यात बसायचंय," मायकेन म्हणाली. "बाजूला नाही, माझ्या जागेवर. स्टिअरिंगवर. तेवढं झालं की माझं काही मागणं नाही."

"मग इतकी वर्षं का नाही बोललात?"

"कुणाला बोलू? याला? मी म्हटलं असतं, तर याला कुणाला तरी विचारायला लागलं असतं, की बाबा रे, जरा गाडी आणून देतोस का. आणि कुणाला काही विचारायचं म्हणजे याला मोठं संकट. हॉटेलात समोरच्या टेबलावरचं मीठ मागत नाही हा, आळणी खातो. म्हणून मी नावच काढलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी तोंडातून निघून गेलं, तेव्हापासून फोनजवळ बसलाय आणि करत नाहीये."

योर्दिस कपबशा आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेली. एव्हर्ट कॉफीच्या भांड्यासमोर उभे होते.

"दर वसंतात तुम्ही यायचात ते…" तिनं विचारलं.

"कुणीतरी ती चालवत घरापर्यंत आणून देईल का, असं विचारायला यायचो. पण सगळे आपापल्या गाड्यांत इतके खूश दिसायचे. म्हटलं, कशाला एकाचा दिवस मोडा? शिवाय वाटायचं, दारात गाडी दिसली तर हिच्या जिवाला लागेल. चालवता तर येणार नाही. हिनं कधी नाव काढलं नाही, तेव्हा मला वाटलं, विसरली."

"पण उन्हाळ्यात तर कोठार सगळं रिकामं असतं! ती एकटीच उभी असते आत!"

"हो ना," एव्हर्ट म्हणाले.

योर्दिसला असा राग आला की तिला त्या छोट्या स्वयंपाकघरात उभं राहवेना. या भल्या माणसाचा राग आला, आत बसलेल्या त्या खणखणीत बाईचा आला, आणि वळणावरच्या सायकलीकडे बघून हात हलवणाऱ्या स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला. तिघंही चांगली माणसं. तिघांनी मिळून चांगुलपणानं नऊ उन्हाळे घालवले होते.

"मायकेनलाच गाडीपाशी आत नेता येईल का?" एव्हर्टनी भीत भीत विचारलं. "म्हणजे कोठारात. खुर्ची ढकलत भिंतीपर्यंत नेली तर?"

"दारच उघडणार नाही गाडीचं. दोन्ही बाजूंना गाड्या आहेत."

"ऐकलं मी!" बाहेरच्या खोलीतून मायकेन ओरडली. "आणि भिंतीकडे तोंड करून बसायला मी काय शिक्षा झालेली पोर आहे? मला समोर रस्ता पाहिजे!"

योर्दिसनं कॉफी उभ्यानंच संपवली. "शनिवारी," ती म्हणाली. "शनिवारी या दोघं. बाकीचं मी बघते."

'मी बघते' म्हणणं सोपं होतं. घरी येऊन ती फोनसमोर बसली तेव्हा तिला एव्हर्टचं ते संकट म्हणजे काय ते नीट समजलं. सतरा-अठरा माणसांना फोन करून सांगायचं की भर फेब्रुवारीत, मी म्हणते म्हणून, तुमची गाडी बाहेर काढा. ही माणसं म्हणजे अशी, की रस्त्यावर मीठ पडलं की गाडीचं नावसुद्धा बाहेर मोठ्यानं घेत नाहीत. आयुष्यात तिनं शेजारणीकडून कधी अंडं मागितलं नव्हतं. अंडं संपलं तर केक नाही करायचा, एवढं साधं होतं ते.

पहिला फोन तिनं कॉनीला केला. कॉनी साठीचा, केस अजून तेल लावून मागे वळवणारा, आणि त्याची अमेरिकन गाडी इतकी लांब की कोठारात तिला दोघांची जागा लागायची.

"बाहेर? आत्ता?" कॉनी म्हणाला. "योर्दिस, तू बरी आहेस ना? रस्त्यावर मीठ आहे!"

"रस्त्यावर नाही न्यायची. नुसतं अंगणात. अंगणात मीठ नाही, मी ट्रॅक्टरनं बर्फ काढते." आणि मग तिनं सगळं सांगितलं. सांगताना मध्येच तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "मला तुमची गरज आहे, कॉनी," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून हेल्गेच्या आजारपणातही निघालं नव्हतं.

पलीकडे कॉनीनं रेडिओ बंद केला.

"मायकेन? ड्रायव्हिंग शाळेतली?" कॉनी म्हणाला. "त्या बाईनं मला दोनदा परीक्षेला पाठवायला नकार दिला होता. म्हणाली, तू आरशात फक्त स्वतःचे केस बघतोस." तो स्वतःशीच हसला. "शनिवारी किती वाजता येऊ?"

गुनवोर एवढी सहज वळली नाही. ती निवृत्त दंतवैद्य, आणि तिची लाल साब म्हणजे तिच्या जिवाचा तुकडा. "योर्दिस, माझ्या सख्ख्या आईच्या अंत्यविधीला मी ती नेली नाही. का, तर रस्ता ओला होता. टॅक्सीनं गेले."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत आहे आणि तरी विचारतेस?"

"हो," योर्दिस म्हणाली. "विचारतेय."

गुनवोरनं मोठा उसासा टाकला. "अंगण झाडूनसुद्धा घे मग. नुसता ट्रॅक्टर नको, खडे उडतात."

अशी ती संध्याकाळपर्यंत विचारत राहिली. कान तापून लाल झाला. कुणी कुरकुरलं, कुणी हवामान विचारलं, कुणी बायकोला विचारून सांगतो म्हणालं आणि लगेच पुन्हा फोन करून हो म्हणालं. एक जण स्पेनमध्ये उन्हात बसला होता. त्यानं किल्ली घेऊन जावयाला पाठवतो म्हणून सांगितलं, आणि जावयाला गिअर टाकू देऊ नका, नुसती ढकला, असं तीनदा बजावलं. नाही कुणीच म्हटलं नाही. योर्दिसला त्याचं आधी नवल वाटलं आणि मग जरा रागही आला, की हे इतकं सोपं होतं तर कुणी आधी सांगायचं नाही का?

शनिवारी ऊन पडलं होतं. योर्दिसनं पहाटेपासून अंगण साफ केलं होतं, मधल्या झेंड्याच्या खांबाभोवती गोल रस्ता काढला होता आणि तो झाडूनही घेतला होता. एकेक करून माणसं आली, टोप्या-हातमोजे घालून, रोजच्या मळक्या गाड्यांतून. मग एकेक करून म्हाताऱ्या गाड्या कोठारातून बाहेर आल्या. इंजिन कुणीच चालू केलं नाही. थंडीत उगीच त्रास नको, म्हणून सगळ्यांनी मिळून हातानंच ढकलल्या. साब, दोन व्होल्वो अॅमेझॉन, एक इंग्रजी उघडी गाडी, कॉनीची ती आगगाडी. पांढऱ्या बर्फावर ते लाल-निळे-पिवळे रंग बघून माणसांचे चेहरे उजळले, वसंतात गाई पहिल्यांदा कुरणात सोडतात तेव्हा लोकांचे होतात तसे. गुनवोरनं आपल्या साबवर घरून आणलेलं पांघरूण घातलं आणि तिच्याशी काहीतरी बोलली.

शेवटी पीव्ही उरली. चादर काढली. चाकात हवा भरली, ती टिकली. दोर बांधून ओढली, तर मागचं उजवं चाक हलेना, ब्रेक गंजून चिकटला होता. कॉनी पाठीवर झोपून खाली शिरला. आतून हातोडीचे ठोके आणि शिव्या ऐकू येत राहिल्या. "इंजिनाचं नाव काढू नका," तो खालून म्हणाला. "ते उठवायला महिना लागेल. आज फिरलीच तर आपल्या पायांवर फिरेल."

तेवढ्यात अपंगांची टॅक्सी फाटकातून आत आली. चालकाचं नाव योनास. त्यानं मायकेनची खुर्ची उतरवली आणि घड्याळ बघत म्हणाला, "मला पुढची एक फेरी आहे, फार थांबता येणार नाही." मग त्यानं अंगणात उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या बघितल्या, मायकेनचा चेहरा बघितला, आणि ऑफिसला फोन करून सांगितलं की बर्फामुळे उशीर होतोय. आकाशात औषधालाही ढग नव्हता.

कोठारात मोठा ठोका पडला, काहीतरी सुटल्याचा आवाज आला, आणि पीव्ही पाठमोरी, हळूहळू, दारातून उजेडात आली. मायकेननं उजवा हात पुढे केला. योर्दिसनं खुर्ची पुढे नेली, आणि त्या हातानं मायकेननं गाडीच्या गोल पाठीवरची धूळ पुसली. बोटभर पट्टा हिरवा निघाला.

कॉनी आणि योनास यांनी तिला उचलून आत बसवलं. कॉनी पट्टा लावायला वाकला.

"ओळखलंत का मला, बाई?"

"कॉनी," मायकेन म्हणाली. "आरशात बघतोस का आता?"

"बघतो, बाई."

"मागचं बघतोस?"

"मागचंच बघतो."

"मग जा, ढकल." तिनं आरसा आपल्या उंचीला फिरवला. एव्हर्ट पलीकडच्या दारानं येऊन बाजूच्या सीटवर बसले, टोपी मांडीवर. "खिडकी उघड, एव्हर्ट. आणि सरळ बस. चला!"

सगळ्यांनी हात लावले. योर्दिस मागच्या डाव्या बाजूला होती. थंड पत्रा हातमोज्यांतूनही लागत होता. आधी काहीच हललं नाही, मग एक करकर झाली आणि गाडी निघाली. इंजिनाचा आवाज नव्हता. पायांखाली बर्फ चुरडल्याचा आवाज होता, साठी-सत्तरीतल्या माणसांच्या धापांचा आवाज होता, आणि पुढून मायकेनचे हुकूम येत होते. "हळू! वळण आहे! सगळ्यांनी एकदम नाही, डावीकडच्यांनी दम धरा!" स्टिअरिंग जड होतं, एका हाताला ते पुरतं वळेना. "एव्हर्ट, धर. तुझ्या बाजूनं. खाली ओढ. आणखी ओढ, तुटत नाही ते!" मागच्या छोट्या काचेतून योर्दिसला दोन पांढरी डोकी दिसत होती आणि स्टिअरिंगवर दोन हात.

खांबाला एक फेरी घालून गाडी जिथून निघाली तिथे परत आली. कॉनीनं चाकाखाली लाकूड सरकवलं. कुणी गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते, कुणी पत्र्याला टेकून उभे होते. मायकेननं हात स्टिअरिंगवरून काढला नव्हता. ती समोर बघत होती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं ते तिनं पुसलं नाही. ती हसत होती.

योर्दिसला इतका आनंद झाला होता की तिला तो कुठे ठेवावा ते कळेना. पण आता बर्फाची बारीक भुरभुर सुरू झाली होती. कुठून तरी खरंच ढग आला होता. गुनवोर आपल्या साबकडे बघत होती. जावयाला सासऱ्याचा फोन येत होता. योनासनं रिकामी खुर्ची गाडीच्या दाराशी आणून उभी केली. झालं तेवढं खूप झालं, आता आवरायला हवं, असं कुणी म्हणालं नाही, पण सगळ्यांनी हातमोजे झटकायला सुरुवात केली होती.

पलीकडचं दार उघडलं. एव्हर्ट बाहेर आले, टोपी दोन्ही हातांत धरून. आता हे सगळ्यांची माफी मागणार, योर्दिसच्या मनात आलं, आणि 'त्रास कसला त्यात' हे उत्तरही तिच्या ओठांवर तयार झालं. पण ते नुसते उभे राहिले. चेहरा पांढराफटक. त्यांनी एकेकाकडे बघितलं, धापा टाकणाऱ्या कॉनीकडे, गुनवोरकडे, गाड्यांवर पडू लागलेल्या बर्फाकडे. मग त्यांनी बायकोकडे बघितलं. तिचा हात अजून स्टिअरिंगवरच होता.

"आणखी एक फेरी," एव्हर्ट म्हणाले. "ढकलाल का?"

आवाज इतका बारीक होता की मागच्यांना तो पोचलाच नाही. "काय म्हणतायत?" कॉनीनं योर्दिसला विचारलं. ती सांगणार होती, तोंड उघडलंही होतं. मग तिनं ते मिटलं आणि एव्हर्टकडे बघत राहिली.

एव्हर्टनी घसा साफ केला, टोपी डोक्यावर घातली, आणि अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा विचारलं.